स्क्रीनकास्टचा एक्स्पोर्ट आणि बॅकअप: पुढची दुरुस्ती डोळ्यांसमोर ठेवून

स्क्रीनकास्ट, म्हणजे संगणकाचा पडदा टिपून केलेला व्हिडिओ, हा प्रकार मुळातच नाशवंत आहे. व्याख्यान किंवा मैफल चित्रित केली, तर दहा वर्षांनीही ती त्या दिवशी होती तशीच राहते आणि तशीच पाहिली जाते. पण एखादे सॉफ्टवेअर कसे वापरावे हे पडद्यावर करून दाखवणारा व्हिडिओ त्या सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती आली की जुना ठरतो. त्यातही तो सहसा सगळाच्या सगळा जुना होत नाही. बारा मिनिटांपैकी अकरा मिनिटांचे विवेचन अजूनही खरे असते. फक्त मध्येच कुठेतरी एका मेनूतली ओळ दुसऱ्या मेनूत गेलेली असते किंवा एखाद्या बटणाचे नाव बदललेले असते. अशा वेळी तेवढाच तुकडा नव्याने रेकॉर्ड करून जुन्या व्हिडिओत बसवता आला, तर काम थोडक्यात आटोपते. तो बसवता आला नाही, तर संपूर्ण व्हिडिओ पुन्हा करावा लागतो, आणि मग बहुधा तो कुणी करतच नाही. म्हणून एक्स्पोर्ट करताना, म्हणजे संपादन झालेल्या व्हिडिओची तयार फाइल काढताना, कोणती सेटिंग्ज निवडावीत आणि बॅकअपमध्ये काय काय ठेवावे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मी एकाच कसोटीवर शोधतो: दोन वर्षांनी यातला एक तुकडा बदलायची वेळ आली, तर तो बदलता येईल का?

ही कसोटी लावली की लगेच लक्षात येते की, संकेतस्थळावर चढवायची फाइल आणि आपल्याजवळ जपून ठेवायची फाइल यांची कामे वेगळी आहेत. चढवलेली फाइल प्रेक्षकापर्यंत कधीच जशीच्या तशी पोहोचत नाही. यूट्यूबसारखे संकेतस्थळ ती उघडते, तिच्यापासून १४४पी ते २१६०पी (हा आकडा म्हणजे चित्राची पिक्सेलांतली उंची) अशा वेगवेगळ्या आकारांच्या प्रती नव्याने तयार करते आणि प्रेक्षकाच्या इंटरनेटच्या वेगाप्रमाणे त्यांतली एक त्याला दाखवते. म्हणजे आपण पाठवतो तो केवळ कच्चा माल असतो, आणि तो आधीच दाबून-दाबून लहान केलेला असेल, तर दुसऱ्यांदा दाबला जाताना त्यातले दोष ठळक होतात. उलट, स्वतःजवळ ठेवायच्या फाइलीवर पुढे पुन्हा कात्री चालणार असते, तिच्यापासून पुन्हा एक्स्पोर्ट होणार असतो. या फाइलीला मी या लेखात मूळ प्रत म्हणेन. बहुतेक जण एकदाच एक्स्पोर्ट करतात आणि तीच फाइल दोन्ही कामांना वापरतात. लहानसहान व्हिडिओंना ते चालूनही जाते, पण निदान ती एकच फाइल कोणत्या कामाच्या बाजूने झुकलेली आहे, हे ठाऊक असावे.

आता एक्स्पोर्टकडे वळू. स्क्रीनकास्टमध्ये प्रेक्षक मुख्यतः अक्षरे वाचत असतो, आणि चेहऱ्याच्या किंवा निसर्गदृश्याच्या चित्रणात खपून जाणारा धूसरपणा अक्षरांच्या बाबतीत लगेच खुपतो. हा धूसरपणा सर्वांत जास्त येतो तो आकार बदलल्यामुळे. पडदा १९२० × १२०० असा असेल आणि व्हिडिओ १९२० × १०८० असा हवा असेल, तर व्हिडिओ एडिटर संपूर्ण चित्र नव्वद टक्क्यांवर आणतो. अक्षरांच्या एक-एक पिक्सेलच्या रेषा तेव्हा पिक्सेलांच्या मधोमध येऊन पडतात आणि शेजारच्या दोन पिक्सेलांत अर्ध्या-अर्ध्या वाटल्या जातात. याच्यावर एक्स्पोर्टच्या टप्प्यावर काहीही इलाज नाही. इलाज रेकॉर्डिंगच्या आधीच करायचा असतो: पडद्याचा जेवढा भाग टिपायचा तो १९२० × १०८० एवढाच ठरवावा, किंवा अचूक दुप्पट, म्हणजे ३८४० × २१६० टिपून तो नेमका निम्मा करावा. पडद्याचा मनाला येईल तेवढा चौकोन ओढून टिपण्याची सवय असेल, तर आणखी एक अडचण येते. व्हिडिओसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या रंगपद्धतीत रुंदी आणि उंची दोन्ही सम संख्या असाव्या लागतात, त्यामुळे १२८१ × ७१९ असा चौकोन असेल तर काही सॉफ्टवेअर एक ओळ गुपचूप कापून टाकते आणि काही सरळ एक्स्पोर्टच नाकारते.

ही रंगपद्धत म्हणजे ४:२:०, आणि स्क्रीनकास्ट करणाऱ्याने ती थोडी खोलात जाऊन समजून घ्यावी असे माझे मत आहे, कारण ‘रेकॉर्डिंग तर स्वच्छ होते, मग लाल अक्षरे अशी का पसरली?’ या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर तिच्यातच आहे. या पद्धतीत प्रत्येक पिक्सेलचा उजळपणा स्वतंत्र साठवला जातो, पण रंग मात्र दोन बाय दोन अशा चार पिक्सेलांना मिळून एकच दिला जातो. मानवी डोळा उजळपणातले बारकावे जितके टिपतो तितके रंगातले टिपत नाही, या आधारावर ही काटकसर केलेली आहे, आणि कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्यात ती कळूनही येत नाही. कोड लिहिण्याच्या एडिटरमध्ये मात्र काळ्या पार्श्वभूमीवर निळी किंवा लाल अक्षरे असतात. हाय डेफिनिशन व्हिडिओच्या बीटी.७०९ या मानकानुसार उजळपणात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ टक्के आणि निळ्याचा जेमतेम ७ टक्के धरला जातो. म्हणजे काळ्यावरच्या शुद्ध निळ्या अक्षराचे जवळजवळ सगळे अस्तित्व रंगात असते, उजळपणात फारसे नसते. आणि नेमका रंगच चार पिक्सेलांत मिळून एक असा साठवला गेल्यामुळे त्या अक्षराच्या कडा शेजारी ओघळतात. पांढरे किंवा फिकट पिवळे अक्षर त्याच जागी, त्याच आकारात, स्वच्छ उमटते. एकदा एक्स्पोर्ट झालेली फ्रेम चारशे टक्के मोठी करून पाहिली, तर हा फरक डोळ्यांना अगदी उघड दिसतो: पांढऱ्या अक्षराची उभी रेघ सरळ उभी असते, तर शेजारच्या निळ्या शब्दाभोवती मळकट जांभळसर वलय असते.

यावर तीन उपाय आहेत. पहिला आणि सर्वांत साधा म्हणजे रेकॉर्डिंगपुरती कोडच्या एडिटरची रंगसंगती बदलणे आणि अक्षरे मोठी करणे. फॉन्ट मोठा केला की रेषा दोन-तीन पिक्सेल जाड होतात आणि बहुतेक तक्रार तिथेच मिटते. दुसरा उपाय म्हणजे ४:४:४ पद्धतीने एक्स्पोर्ट करणे, ज्यात प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग मिळतो. तो मूळ प्रतीसाठी उत्तम आहे. पण अनेक फोन आणि टीव्ही संचांतील डिकोडर, म्हणजे व्हिडिओ उलगडून दाखवणारे भाग, अशी एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवण्याची एक पद्धत) फाइल वाचू शकत नाहीत, त्यामुळे ती कुणाला थेट पाठवण्याच्या कामाची नाही. तिसरा उपाय थोडा आडवळणाचा आहे: १०८०पीचे रेकॉर्डिंग कोणतीही गुळगुळीत प्रक्रिया न करता अचूक दुप्पट करून २१६०पी म्हणून चढवायचे. मूळचा एक पिक्सेल आता चार पिक्सेलांचा चौकोन झालेला असल्यामुळे त्या चौघांना मिळून एक रंग दिला तरी मूळचा रंग जवळजवळ पूर्ण टिकतो. फाइल अर्थातच फुगते, आणि जो प्रेक्षक ती १०८०पीवर पाहतो त्याला त्याचा फायदा मिळत नाही. बारीक अक्षरांचे टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, दाखवायचे असेल तरच मी हा खटाटोप करतो.

फ्रेमच्या वेगाबद्दल फार बोलायला नको. स्क्रीनकास्टला सेकंदाला ३० फ्रेम पुरतात. ज्या वेगाने रेकॉर्ड केले त्याच वेगाने एक्स्पोर्ट करावे, एवढेच पथ्य. मात्र काही रेकॉर्डर, विशेषतः फोनमधले, पडदा स्थिर असताना फ्रेम टिपणेच थांबवतात आणि हालचाल सुरू झाली की पुन्हा टिपू लागतात. अशी बदलत्या वेगाची फाइल एडिटरमध्ये घातली की सुरुवातीला आवाज आणि चित्र जुळलेले वाटते, पण दहाव्या मिनिटाला क्लिकचा आवाज आधी येतो आणि बटण नंतर दाबले जाते. अशा फाइली एडिटरमध्ये घेण्यापूर्वी हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या प्रोग्राममध्ये स्थिर वेगाचा पर्याय निवडून बदलून घ्याव्यात. टाइमलाइनवर ओढाताण करून आवाज जुळवत बसण्यापेक्षा ते किती तरी सोपे आहे.

बिटरेटच्या, म्हणजे व्हिडिओच्या एका सेकंदाला किती डेटा द्यायचा याच्या, बाबतीत मात्र बराच गोंधळ आढळतो. यूट्यूबने चढवण्यासाठी सुचवलेला बिटरेट १०८०पी आणि ३० फ्रेमसाठी ८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट), तर ६० फ्रेमसाठी १२ एमबीपीएस आहे. १४४०पीसाठी तो अनुक्रमे १६ आणि २४ आहे. ८ एमबीपीएस म्हणजे मिनिटाला ६० एमबी, म्हणजेच दहा मिनिटांच्या व्हिडिओला ६०० एमबी. पण हे आकडे सर्व प्रकारच्या चित्रणासाठी आहेत, ज्यात पावसात धावणारी माणसेही आली आणि झाडांची सळसळही आली. स्क्रीनकास्टमध्ये बहुतांश वेळ पडदा जागचा हलत नाही. फक्त कर्सर लुकलुकतो आणि माउसचा बाण इकडून तिकडे जातो. एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवणारा प्रोग्राम, मागच्या फ्रेमपेक्षा काय बदलले तेवढेच साठवत असल्यामुळे अशा चित्राला फार कमी जागा लागते, आणि नंतर खिडकी बदलली किंवा पान वेगाने वर सरकवले की एकदम पुष्कळ लागते. त्यामुळे स्थिर बिटरेट ठेवणे इथे दोन्हीकडून तोट्याचे ठरते: पडदा शांत असताना जागा वाया जाते आणि धावपळीच्या क्षणी तीच जागा अपुरी पडते. एच.२६४ फाइली बनवणाऱ्या एक्स२६४ या एन्कोडरमध्ये यासाठी सीआरएफ नावाची सोय आहे, जिच्यात आपण बिटरेटऐवजी दर्जा ठरवतो. शून्य ते ५१ या मापावर आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला. मूळ सेटिंग २३ असते आणि आकडा सहाने कमी केला की फाइल साधारण दुप्पट होते. चढवायच्या प्रतीसाठी मी १८ च्या आसपास राहतो. फाइल ८ एमबीपीएसच्या हिशेबापेक्षा बरीच लहान येते, आणि ती लहान आली म्हणून घाबरण्याचे कारण नसते.

एक्स्पोर्टच्या खिडकीत कोपऱ्यात पडून राहणारे कीफ्रेमचे अंतर हे आणखी एक सेटिंग आहे, आणि दुरुस्तीच्या दृष्टीने मला ते बिटरेटइतकेच महत्त्वाचे वाटते. कीफ्रेम म्हणजे मागच्या-पुढच्या फ्रेमचा आधार न घेता पूर्ण साठवलेली फ्रेम. पुन्हा एन्कोड न करता व्हिडिओ कापायचा असेल, तर तो फक्त कीफ्रेमपाशी स्वच्छ कापता येतो. एक्स२६४ मुळात दोन कीफ्रेममध्ये जास्तीत जास्त २५० फ्रेमचे अंतर ठेवते, म्हणजे ३० फ्रेमच्या वेगाने आठ सेकंदांहून थोडे अधिक. आणि पडदा स्थिर असला की ते तेवढे होतेच. आठ सेकंदांत माणूस दोन वाक्ये बोलून जातो. म्हणून मूळ प्रतीत हे अंतर ३० फ्रेमवर, म्हणजे एका सेकंदावर आणावे. यूट्यूब स्वतः चढवायच्या फाइलीसाठी फ्रेमच्या वेगाच्या निम्मे अंतर सुचवते. यामुळे फाइल थोडी वाढते, पण पुढे मधला तुकडा काढून नवा बसवताना उरलेल्या भागाला हातही लावावा लागत नाही.

आवाजाकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि माझ्या मते स्क्रीनकास्टचा अर्धा जीव आवाजात असतो. चढवताना आवाज दाबून साठवणारे एएसी स्वरूप आणि ४८ किलोहर्ट्झ हे ठरलेलेच आहे. स्टिरिओसाठी ३८४ आणि मोनोसाठी १२८ केबीपीएस एवढे यूट्यूब सुचवते. पातळीबाबत इतकेच की, अनेक संकेतस्थळे फार मोठा आवाज आपणहून खाली आणतात, पण लहान आवाज वर नेतीलच असे नाही. यूट्यूबवर ही रेषा साधारण उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचे माप) धरली जाते. आपले सर्व व्हिडिओ त्याच्या आसपास आणि एकमेकांशी समान ठेवले, म्हणजे मालिकेतला दुसरा भाग लावताना प्रेक्षकाचा हात आवाजाच्या बटणाकडे जात नाही. दुरुस्तीसाठी मात्र वेगळी गोष्ट करावी लागते. निवेदनाचा ट्रॅक कोणतेही संगीत किंवा क्लिकचे आवाज न मिसळता वेव्ह या न दाबलेल्या आवाजाच्या स्वरूपात स्वतंत्र काढून ठेवावा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो अशा वेव्ह फाइलीला मिनिटाला साधारण साडेआठ एमबी लागतात, म्हणजे दहा मिनिटांच्या निवेदनाला शंभर एमबीसुद्धा लागत नाहीत. दोन वर्षांनी एकच वाक्य बदलायचे झाले आणि खाली संगीत मिसळलेले असेल, तर ते वाक्य काढताना संगीत तुटते. स्वतंत्र ट्रॅक असेल तर कुणाला कळतही नाही.

फाइलीच्या डब्याबद्दल, म्हणजे कंटेनरबद्दल, एकच गोष्ट सांगतो. एमपी४ फाइलीत कोणती फ्रेम कुठे आहे याची एक अनुक्रमणिका असते, आणि ती सामान्यतः सर्वांत शेवटी लिहिली जाते. रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली किंवा संगणक अडकला, तर अनुक्रमणिका लिहायची राहते आणि तासाभराचे रेकॉर्डिंग उघडतच नाही. याच कारणासाठी ओबीएस स्टुडिओ हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम वापरणारे जाणकार रेकॉर्डिंग एमकेव्ही या दुसऱ्या डब्यामध्ये करायला सांगतात आणि नंतर त्याच प्रोग्रामच्या फाइल मेनूतून ते एमपी४मध्ये हलवतात. या हलवाहलवीत चित्र पुन्हा एन्कोड होत नसल्यामुळे दर्जा घटत नाही. २०२४ मधल्या ३०.२ या आवृत्तीपासून ओबीएसमध्ये हायब्रिड एमपी४ही आले आहे, जे मध्येच तुटले तरी वाचवता येते. एक्स्पोर्टच्या वेळी मात्र ही अनुक्रमणिका फाइलीच्या सुरुवातीला हवी, कारण तसे असले की संपूर्ण फाइल उतरण्याआधीच व्हिडिओ सुरू होऊ शकतो. एडिटरमध्ये ‘फास्ट स्टार्ट’ किंवा ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’ अशा नावाची चौकट दिसली, तर तिच्यावर खूण करावी.

एक्स्पोर्ट झाला की फाइल न पाहता चढवू नये, आणि पाहायची ती एडिटरमध्ये न पाहता व्हीएलसीसारख्या वेगळ्या प्लेअरमध्ये पाहावी. शक्य असल्यास एकदा फोनवरही. काळा रंग राखाडी दिसत असेल, तर उजळपणाची श्रेणी चुकलेली असते: संगणकाचा पडदा ० ते २५५ अशी श्रेणी वापरतो, व्हिडिओ सामान्यतः १६ ते २३५, आणि वाटेत कुठेतरी एकाचे दुसरे समजले गेलेले असते. पण त्याहून महत्त्वाचे पाहणे वेगळे आहे. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत, टर्मिनलच्या जुन्या ओळींत, कोपऱ्यातून डोकावणाऱ्या सूचनेत काही खासगी दिसते का, हे पाहण्यासाठी एक फेरी आवाज बंद करून फक्त पडद्याच्या कडांकडे लक्ष ठेवून करावी. पासवर्ड किंवा एपीआयची किल्ली (एखादी ऑनलाइन सेवा वापरण्यासाठी प्रोग्रामला दिलेली गुप्त खूण) एका फ्रेममध्ये दिसली तरी ती गेलीच असे समजायचे, कारण कुणीही तिथे व्हिडिओ थांबवू शकतो. अशी किल्ली दिसल्यास झाकून भागत नाही, ती रद्द करून नवी घ्यावी लागते. जपलेल्या मूळ प्रतीतही ती असतेच, हेही विसरू नये.

चढवण्यापूर्वी हे सगळे तपासण्याचा आग्रह धरण्याचे कारण असे की, यूट्यूबवर एकदा प्रसिद्ध झालेल्या व्हिडिओची फाइल बदलता येत नाही. मधला भाग कापणे किंवा काही झाकणे एवढे तिथल्या एडिटरमध्ये करता येते. नवा तुकडा घालायचा असेल तर नव्या पत्त्यावर नवा व्हिडिओ चढवावा लागतो आणि जुन्यावरच्या प्रतिक्रिया, दर्शकसंख्या व इतरांनी दिलेले दुवे जुन्यापाशीच राहतात. व्हिमिओवर फाइल बदलण्याची सोय आहे आणि पत्ताही तोच राहतो. त्यामुळे लवकर जुने होणारे विषय यूट्यूबवर टाकायचे असतील, तर एक लांबलचक व्हिडिओ करण्याऐवजी स्वतंत्र उभे राहू शकतील असे लहान भाग करावेत, हा माझा ठाम आग्रह आहे. त्यांतला एक बदलला तरी बाकीचे जागच्या जागी राहतात.

आता जतन. ‘व्हिडिओ यूट्यूबवर आहे, मग बॅकअप कशाला?’ हा प्रश्न मी अनेकदा ऐकतो. यूट्यूब स्टुडिओतून स्वतःचा व्हिडिओ परत उतरवला, तर तो ७२०पी किंवा त्याहून लहान आकारात मिळतो, आणि १०८०पीमध्ये टिपलेली बारीक अक्षरे त्यात विरघळून गेलेली असतात. शिवाय संकेतस्थळेही बंद पडतात. २००५ मध्ये सुरू झालेले गूगल व्हिडिओ २०१२ मध्ये पूर्ण बंद झाले, आणि ते चालवणारी कंपनी काही लहान नव्हती. तेव्हा चढवलेला व्हिडिओ हे प्रकाशन आहे, त्याच्यावर जतनाची भिस्त ठेवता येत नाही.

मग जपायचे काय? साहजिक उत्तर येते की एडिटरची प्रोजेक्ट फाइल. ती ठेवावीच, पण तिच्यावर विसंबू नये. प्रोजेक्ट फाइलीत व्हिडिओ नसतो. कोणती फाइल कोणत्या फोल्डरातून घ्यायची आणि कुठे कापायची याच्या फक्त सूचना असतात. फोल्डरचे नाव बदलले किंवा डिस्क बदलली की ‘मीडिया सापडत नाही’ अशा लाल चौकटींनी टाइमलाइन भरून जाते. केडेनलाइव्ह या एडिटरमध्ये प्रोजेक्ट आर्काइव्ह करण्याचा आणि डाविंची रिझॉल्व्ह या एडिटरमध्ये सर्व मीडियासह प्रोजेक्ट काढण्याचा पर्याय याचसाठी आहे, आणि प्रोजेक्ट ठेवायचाच असेल तर असाच ठेवावा. तरीही एडिटरच्या नव्या आवृत्तीत जुना प्रोजेक्ट नीट उघडेल, जुने फॉन्ट आणि जुने प्लगइन तेव्हाही असतील, याची हमी कोण देणार? पडदा टिपणाऱ्या कॅमटेशिया या सॉफ्टवेअरच्या टीआरईसी फाइली तर कॅमटेशियाशिवाय इतरत्र सहसा उघडतही नाहीत. एके काळी स्क्रीनकास्ट मोठ्या प्रमाणावर फ्लॅशच्या स्वरूपात एक्स्पोर्ट होत असत. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअरचा आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात फ्लॅशचा आशय चालणेच थांबवले. ज्यांच्याजवळ फक्त त्या स्वरूपातली फाइल होती, त्यांना स्वतःचेच काम पाहण्यासाठी वेगळी साधने शोधावी लागली.

म्हणून प्रोजेक्टशिवायही दुरुस्ती करता येईल अशा गोष्टींवर माझा भर असतो. पहिली म्हणजे मूळ प्रत, पण शीर्षके, बाण, ठळक चौकटी आणि सबटायटल्स न घातलेली. दाखवलेला पडदा तेवढा स्वच्छ हवा; बाण नंतर पुन्हा काढता येतात, पण चित्रात मुरलेला बाण पुसता येत नाही. तिचे स्वरूप कोणते असावे, यावर मतभेद आहेत. अॅपलचे प्रोरेस ४२२ हे स्वरूप व्हिडिओ संपादकांचे आवडते आहे, पण १०८०पी आणि ३० फ्रेमला ते सुमारे १४७ एमबीपीएस खाते, म्हणजे दहा मिनिटांना ११ जीबी. स्थिर पडद्यासाठी ही उधळपट्टी आहे. एफएफव्ही१ या दर्जा अजिबात न घटवणाऱ्या कोडेकचे (व्हिडिओ दाबण्या-उलगडण्याच्या पद्धतीचे) वर्णन २०२१ मध्ये आरएफसी ९०४३ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झाले, त्याचे संपूर्ण वर्णन खुले आहे आणि अभिलेखागारांत तो वापरला जातो. स्थायी जतनासाठी तो उत्तम, फक्त सगळे एडिटर तो थेट घेत नाहीत. रोजच्या कामासाठी मी एच.२६४, सीआरएफ १२ च्या आसपास, ४:४:४ आणि एका सेकंदाचे कीफ्रेम यावर थांबतो. हे मानक २००३ पासून आहे आणि ते उलगडणारी साधने इतकी सर्वत्र पसरलेली आहेत की पुढच्या वीस वर्षांत ते वाचता येणार नाही अशी भीती मला वाटत नाही.

मूळ प्रतीच्या जोडीला निवेदनाची वेव्ह फाइल, निवेदनाची लिखित संहिता, एसआरटी या साध्या मजकुराच्या स्वरूपातली सबटायटल्स आणि व्हिडिओत वापरलेल्या नमुना फाइली असाव्यात. या शेवटच्या गोष्टीचा विसर हटकून पडतो. स्प्रेडशीट शिकवणाऱ्या व्हिडिओतला मधला तुकडा नव्याने टिपायचा असेल, तर तेच तक्ते, तेच आकडे, त्याच क्रमाने पडद्यावर असावे लागतात. नाहीतर प्रेक्षकाला एका क्षणात पंधरा ओळींच्या तक्त्याच्या वीस ओळी झालेल्या दिसतात. मराठी सबटायटल्स साठवताना फाइल यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीमध्ये आहे ना, हे पाहावे. तसे नसेल तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग मिळते. आणि या सगळ्यांसोबत एक साधी मजकुराची फाइल असावी, जिच्यात सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती दाखवली, पडद्याचा आकार, फॉन्टचे नाव व आकार, रंगसंगती, माइक आणि एक्स्पोर्टची सेटिंग्ज लिहिलेली असतील. नवा तुकडा जुन्याशी बेमालूम जुळवण्यासाठी या माहितीइतके उपयोगी दुसरे काही नाही, आणि नेमकी हीच माहिती कोणत्याही बॅकअप प्रोग्रामला आपोआप गोळा करता येत नाही.

फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा, म्हणजे नावाप्रमाणे लावले तरी यादी काळाच्या क्रमाने लागते. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘खरोखर अंतिम’ ही नावे सगळ्यांच्या परिचयाची आहेत. त्यांच्याऐवजी आवृत्तीचा आकडा द्यावा आणि प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीच्या टिपणात व्हिडिओचा पत्ता लिहावा. विंडोजमध्ये अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तिरपी रेघ अशी चिन्हे फाइलीच्या नावात चालत नाहीत, त्यामुळे व्हिडिओचे शीर्षक जसेच्या तसे नाव म्हणून देण्याचा मोह टाळावा.

प्रती किती आणि कुठे, याला छायाचित्रकार पीटर क्रॉग यांनी प्रचारात आणलेला ३-२-१ हा संकेत पुरेसा आहे: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. यात क्लाउडमधल्या सिंक होणाऱ्या फोल्डरची गणना करताना सावध राहावे. सिंक म्हणजे इथे जे झाले तेच तिथे. इथली फाइल चुकून पुसली किंवा बिघडली तर ती तिथेही पुसली किंवा बिघडली जाते, आणि जुन्या आवृत्त्या किती दिवस परत मिळतील हे सेवेच्या नियमांवर ठरते. बाहेरची डिस्क फॅट३२ स्वरूपातली असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल तिच्यावर जातच नाही; मूळ प्रती सहज त्यापुढे जात असल्याने ती आधीच एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्यावी. वर्षानुवर्षे कपाटात ठेवायची प्रत एसएसडीवर असू नये, कारण वीज न मिळता फार काळ पडून राहिली तर तिच्या पेशींतला विद्युतभार हळूहळू गळू शकतो. त्या कामाला फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क बरी, आणि तीही अधूनमधून जोडून चालवलेली.

प्रत झाली एवढ्यावर विश्वास न ठेवता ती मुळाबरहुकूम आहे का, हे तपासायचे साधन म्हणजे चेकसम. एसएचए-२५६ या पद्धतीने कोणत्याही फाइलीचा ६४ चिन्हांचा ठसा काढता येतो, आणि फाइलीतला एक बिट जरी बदलला तरी ठसा संपूर्ण वेगळा येतो. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींत तो काढण्याची आज्ञा आधीपासून असते, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. मूळ प्रत तयार झाल्याबरोबर तिचा ठसा त्याच टिपणाच्या फाइलीत लिहून ठेवतो आणि डिस्क बदलताना पुन्हा काढून दोन्ही जुळवतो. जुळले नाही, तर कोणती प्रत बिघडली हे तिसरी प्रत सांगते. तीन प्रतींचा आग्रह यासाठीही आहे.

बॅकअप उपयोगाचा आहे की नाही हे मात्र ठशावरून कळत नाही, ते परत आणून पाहिल्यावरच कळते. यासाठी वर्षातून एकदा एखादा जुना व्हिडिओ निवडून, ज्या संगणकावर तो तयार झाला नाही अशा संगणकावर फक्त बॅकअपच्या फोल्डरवरून त्यातला एक छोटा तुकडा बदलून पाहावा. नमुना फाइल राहिली आहे, फॉन्टचे नाव लिहिलेले नाही, वेव्ह फाइल संपादनाआधीची असल्यामुळे तिची लांबी चित्राशी जुळत नाही, अशा उणिवा तेव्हाच उघड होतात.

राहता राहिला प्रश्न टाकून काय द्यायचे याचा. कच्चे रेकॉर्डिंग, म्हणजे अडखळलेली वाक्ये, चुकलेले क्लिक, मध्येच वाजलेली दारावरची घंटा, हे सगळे व्हिडिओ प्रसिद्ध झाल्यावर तीन महिने ठेवावे आणि मग पुसावे, असे माझे मत आहे. तोवर प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया आलेल्या असतात, ज्या दुरुस्त्या लगेच सुचायच्या त्या सुचून गेलेल्या असतात, आणि त्यापुढे जी दुरुस्ती येते ती सॉफ्टवेअर बदलल्यामुळे येते, जिथे जुन्या पडद्याचे कच्चे रेकॉर्डिंग काहीच कामाचे नसते. एडिटरने स्वतःच्या सोयीसाठी बनवलेल्या प्रॉक्सी (कामापुरत्या हलक्या प्रती) आणि प्रीव्ह्यूच्या फाइली तर प्रोजेक्ट बंद करतानाच पुसाव्यात. त्या पुन्हा बनतात. ज्या व्हिडिओतले सॉफ्टवेअरच आता कुणी वापरत नाही, त्याची मूळ प्रतही ठेवायची गरज नाही. त्याची चढवलेली प्रत, संहिता आणि वेव्ह फाइल तेवढी एका जुन्या वर्षाच्या फोल्डरात हलवावी, आणि मोकळी झालेली जागा पुढच्या मालिकेला द्यावी.